पहिल्या आठवड्याची जळजळ

सांगलीहून इस्लामपूरकडे जाताना वाटेत आष्टा लागतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, मधेमधे हळद आणि सोयाबीन. पावसाळा सरत आला की शेताच्या बांधावर, पडीक जागेत, ओढ्याच्या काठाला पांढऱ्या बारीक फुलांचं गाजर गवत कमरेएवढं उभं राहतं. याच दिवसांत या भागातल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर एक संभाषण ऐकायला मिळतं. पन्नाशी ओलांडलेला शेतकरी मानेवरचा टॉवेल बाजूला सारतो आणि म्हणतो, "खाजेचं मलम द्या की. मागच्या खेपेला दिल्यालं तेच." मलम मिळतं. त्यात काय आहे हे घेणारा विचारत नाही आणि देणारा सांगत नाही. आठवड्यात मान शांत होते. महिन्याभरात खाज परत येते, या वेळी जास्त जोरानं, आणि कातडी आधीपेक्षा लाल व पातळ झालेली असते.

इसबावर स्टेरॉईड नसलेलं, चिठ्ठीनं मिळणारं मलम जगात येऊन पंचवीस वर्षं झाली. टॅक्रोलिमस हे त्यातलं सर्वांत रुळलेलं औषध, आणि ते आपल्याकडेही मिळतं. पापण्या, गाल, मान, काखा, जांघा अशा नाजूक जागी ते चालतं आणि त्वचा पातळ करत नाही. तरी आपल्या गावांत ते फार थोड्यांपर्यंत पोहोचतं. ज्यांच्यापर्यंत पोहोचतं त्यांच्यातही अनेकांची ट्यूब चौथ्या दिवशी फळीवर जाऊन पडते, कारण पहिल्या काही दिवसांत ते जळजळतं आणि जळजळणार आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हे सांगणं उपचाराचाच भाग आहे. मलमाबरोबर जी पाच मिनिटांची बोलणी व्हायला हवीत, ती आपण गाळून टाकली आहेत. ती गाळल्यावर चांगलं औषध वाया जातं आणि वाईट सवय टिकून राहते.

गाजर गवताची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण या प्रश्नाचं महाराष्ट्रातलं मूळ तिथे आहे. मूळचं मध्य अमेरिकेकडचं हे झुडूप पुण्यात उकिरड्यांवर दिसल्याची नोंद १९५०च्या दशकातली आहे. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं बहुतेक लोक मानतात, आणि त्याला काँग्रेस गवत असंही म्हणतात. पुढच्या दोन दशकांत पुण्याच्या दवाखान्यांत एक वेगळंच दुखणं दिसू लागलं. उघड्यावर काम करणाऱ्या माणसांचा चेहरा, पापण्या, मान, कोपराच्या आतली बाजू सुजते, खाजते, चिघळते आणि मग जाड, काळवंडलेली होते. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ लोणकर आणि त्यांचे परदेशी सहकारी मिचेल व कॅल्नन यांनी १९७४ साली या दुखण्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याचा संबंध या झुडपाशी जोडला. झुडपातला पार्थेनिन नावाचा घटक त्वचेला वावडा ठरतो. वाळलेल्या झाडाची धूळ आणि बारीक केस वाऱ्यावर उडतात, म्हणून गवताला हात न लावताही माणसाला त्रास होतो. ज्याला ही ॲलर्जी एकदा जडली, त्याला ती वर्षानुवर्षं सोडत नाही.

आता हे दुखणं शरीरावर कुठे उमटतं ते पाहा. पापणी, गाल, मान, सांध्यांच्या घड्या. शरीरातली सर्वांत पातळ कातडी याच भागांत असते, आणि जोरदार स्टेरॉईड मलम सर्वांत जास्त नुकसान करतं तेही याच भागांत. म्हणजे आष्ट्याच्या शिवारात राबणाऱ्या माणसाला ज्या जागी इसब होतो, नेमक्या त्याच जागी दुकानातून हाती पडणारं मलम लावू नये. स्टेरॉईड नसलेल्या औषधाची गरज शहरातल्या हौशी ग्राहकापेक्षा या माणसाला जास्त आहे. ते महागडं, पुण्या-मुंबईच्या पेशंटांचं औषध आहे अशी एक समजूत मी ऐकत आलो आहे. रोगाचा नकाशा पाहिला तर ती उलटी आहे हे दिसतं.

सगळाच इसब गवताचा नसतो. लहान मुलांच्या गुडघ्यामागे आणि कोपरात होणारा, घराण्यात दमा-सर्दी असलेल्यांना जास्त होणारा इसब वेगळा. त्यात मुळात त्वचेचं आवरणच कच्चं असतं. त्वचेला घट्ट ठेवणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष हे त्याचं एक महत्त्वाचं कारण असल्याचं २००६ साली स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी दाखवलं. बायकांच्या हातांचा इसब आणखी वेगळा. दिवसातून दहा वेळा भांडी, धुणं, गोठा, साबण, सोडा. गवंड्याच्या हातांना सिमेंट लागतं, ऊसतोड करणाऱ्याच्या हातांना पाल्याची कुसं. कारणं निरनिराळी, पण काउंटरवर सगळ्यांना मिळणारी ट्यूब मात्र बहुतेक वेळा एकच.

त्या ट्यूबेबद्दल न्यायानं बोलायला हवं. स्टेरॉईड हा शब्द ऐकला की आता काही सुशिक्षित घरांत लोक दचकतात, आणि तीही एक चूकच आहे. १९५२ साली अमेरिकेत सल्झबर्गर आणि विटन या डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून इसब शांत होतो हे दाखवलं, तेव्हा त्वचारोगाच्या उपचारांना नवं वळण मिळालं. आजही भडकलेला इसब आटोक्यात आणायला योग्य ताकदीचं स्टेरॉईड, योग्य जागी, मोजके दिवस लावणं हा पहिला उपचार आहे. तळहाताच्या जाड कातडीला जे चालतं ते पापणीला चालत नाही, आणि दहा दिवसांना जे चालतं ते दहा महिन्यांना चालत नाही. ताकदीतला फरक प्रचंड असतो. हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, तर क्लोबेटासॉल ही सर्वांत जोरदार जात. काउंटरवर मात्र दोन्ही ट्यूबा सारख्याच दिसतात.

महिनोन्‌महिने चेहऱ्यावर जोरदार स्टेरॉईड लावलं की कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या जाळ्यासारख्या दिसू लागतात, पुरळ उठतं, केस वाढतात. थांबवलं की चेहरा लाल होऊन पेटल्यासारखा होतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी देशभरातल्या बारा केंद्रांवर केलेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याचा त्वचाविकार असलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉईड मलम लावत होते, आणि त्यांतल्या सुमारे ५९ टक्क्यांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलेलं होतं. काहींनी ते गोरं व्हायला लावलं होतं, काहींनी दाढीनंतर. या पाहणीतली एक ओळ मला सर्वांत अस्वस्थ करते. जास्त ताकदीची स्टेरॉईडं खेड्यांतल्या आणि शहराच्या वेशीवरच्या रुग्णांत अधिक वापरली जात होती. जिथे त्वचेचा डॉक्टर सर्वांत दूर, तिथे ट्यूब सर्वांत जोरदार.

यात बुरशीची गुंतागुंत येते. नायटा आणि इसब दोन्ही खाजतात, दोन्ही गोलसर लाल दिसू शकतात. नायट्यावर स्टेरॉईड लावलं तर खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. मग ना नायटा ओळखू येतो, ना इसब. स्टेरॉईड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक एकाच ट्यूबेत कोंबलेली मिश्रणं "काहीही असो, यानं जाईल" या भरवशावर देशभर विकली गेली. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतात नायट्याची जी चिवट साथ पसरली तिच्यामागे या मिश्रणांचा मोठा हात असल्याचं बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला दाद न देणाऱ्या या बुरशीला २०२० साली शास्त्रज्ञांनी ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव दिलं. नावातच आपला देश आहे. २०२३ साली ती न्यूयॉर्कमध्ये सापडल्याचं अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेनं जाहीर केलं. खेड्यापाड्यांतल्या दुकानांत रोज होणाऱ्या छोट्या व्यवहारांची बेरीज कुठवर जाते, ते यावरून कळतं.

कायदा झोपलेला नव्हता. पूर्वी बाहेरून लावायची बहुतेक औषधं चिठ्ठीच्या सक्तीतून वगळलेली होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं अनेक वर्षं पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टेरॉईडांची लावायची औषधं अनुसूची 'एच'मध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आली. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ ठरावीक मिश्रणांवर बंदी घालण्यात आली. त्यांत स्टेरॉईडयुक्त अनेक मलमं होती. कागदावर हे सगळं योग्य आहे. तरी चिठ्ठीशिवाय ट्यूब मिळते, कारण मागणारा, विकणारा आणि तपासणारा या तिघांच्याही नजरेत मलम म्हणजे औषध नव्हेच. गोळीला माणूस घाबरतो, इंजेक्शनला घाबरतो. मलम म्हटलं की त्याला तेल-उटण्याच्या रांगेत बसवतो.

टॅक्रोलिमसची हकिगत याच्या अगदी उलट आहे, तिथे भीतीच जास्त. १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या एका जिवाणूपासून संशोधकांनी हा पदार्थ वेगळा काढला. यकृत आणि मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत, नवा अवयव शरीरानं नाकारू नये म्हणून तो पोटातून दिला जातो. मलमाच्या रूपात तो १९९९ साली जपानमध्ये आणि २००० साली अमेरिकेत इसबासाठी मंजूर झाला. त्याचं काम समजायला सोपं आहे. इसबात त्वचेतल्या प्रतिकारपेशी विनाकारण खवळलेल्या असतात. त्यांच्यातल्या कॅल्सिन्यूरिन या प्रथिनाला टॅक्रोलिमस अडवतं, आणि दाह पेटवणारे संदेश बाहेर पडत नाहीत. त्वचेला बळकटी देणारे तंतू तयार करणाऱ्या पेशींना ते हात लावत नाही, म्हणून कातडी पातळ होत नाही. पिमेक्रोलिमस हे त्याचं थोडं सौम्य भावंड. २०१६ साली अमेरिकेत क्रिसाबोरोल हे वेगळ्या मार्गानं दाह कमी करणारं मलम मंजूर झालं, आणि त्यानंतर आणखी काही आली. आपल्या गावपातळीवर आज उपयोगाचं आहे ते मुख्यतः टॅक्रोलिमस.

भीतीचं कारण खोक्यातल्या कागदावर आहे. जनावरांवर फार मोठ्या मात्रेत केलेले प्रयोग, पोटातून हे औषध घेणाऱ्या प्रत्यारोपण-रुग्णांचा अनुभव आणि मलम लावणाऱ्या थोड्या रुग्णांत आढळलेले कर्करोग यांच्या आधारे अमेरिकेच्या औषध नियामकानं २००६ साली या मलमांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. लसिकापेशींच्या कर्करोगाची शक्यता त्यात लिहिलेली होती. नियामकानं सावध राहावं हे मला मान्य आहे. पण त्यानंतर जे समोर आलं तेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवं. इसब असलेल्या आणि टॅक्रोलिमस मलम लावलेल्या सुमारे आठ हजार मुलांवर दहा वर्षांपर्यंत लक्ष ठेवणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० साली आले. कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. २०२३ साली लॅन्सेट गटाच्या एका नियतकालिकात ११० अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात सुमारे ३४ लाख रुग्णांची माहिती होती, आणि या मलमांमुळे कर्करोग वाढल्याचा पुरावा त्यातही मिळाला नाही. मलमातून रक्तात जाणारं औषध बहुतेकांत नगण्य असतं. लांबच्या भविष्याबद्दल शंभर टक्के हमी कोणत्याच औषधाची देता येत नाही. मात्र माझ्या मते आजच्या माहितीवर कॅन्सरच्या भीतीनं टॅक्रोलिमस टाकून देणं आणि क्लोबेटासॉल वर्षभर पापणीला लावत राहणं ही निवड चुकीची आहे. दुसऱ्यातला धोका सिद्ध झालेला आहे, त्यात काचबिंदूचाही समावेश आहे.

जळजळीकडे वळतो, कारण सगळं अडतं ते तिथे. मोठ्या माणसांवरच्या चाचण्यांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना मलम लावल्यावर आग होते. मिरचीनं जे मज्जातंतू जागे होतात, तेच हेही औषध जागे करतं. त्या तंतूंमधली खाज-वेदनेची रसायनं बाहेर पडतात, मग साठा कमी होत जातो, आणि आग व खाज दोन्ही ओसरू लागतात. बहुतेकांत हे पहिल्या काही दिवसांत घडतं आणि त्वचा सुधारते तशी आग थांबते. आता कल्पना करा, दिवसभर उसाला पाणी पाजून आलेला माणूस रात्री मानेला नवं मलम लावतो. स्टेरॉईडची ट्यूब लावली की पहिल्याच रात्री झोप लागायची. या नव्या, दामदुप्पट किमतीच्या ट्यूबेनं मान भाजल्यागत होते. घरात कुणीतरी म्हणतं, "आवो, सोसंना झालंय तर टाका की ते, जुनंच आणा." त्या माणसाला दोष देता येईल का? त्याच्या जागी मीही हेच केलं असतं. डॉक्टरांनी फक्त एवढं म्हणायला हवं होतं, "दादा, पाच-सहा दिवस चुणचुणेल, ते औषधाचं काम सुरू झाल्याचं लक्षण आहे, आठव्या दिवशी मला दाखवा." या एका वाक्यावर हा उपचार तरतो किंवा बुडतो.

आणि जळजळ कमी करण्याचे मार्गही आहेत. अनेक त्वचारोगतज्ज्ञ पहिले काही दिवस योग्य स्टेरॉईडनं भडका शमवतात आणि मग टॅक्रोलिमस सुरू करतात, म्हणजे उघड्या, चिरफाळलेल्या कातडीवर ते थेट पडत नाही. मी वर स्टेरॉईडला पूर्ण बाद केलं नाही, त्याचं हेही एक कारण. आंघोळीनंतर ओल्या अंगावर लावलं तर आग जास्त होते, म्हणून अंग नीट कोरडं होऊ द्यायचं. ट्यूब काही वेळ फ्रिजमध्ये ठेवून लावली तर काहींना बरं वाटतं.

वापराचे बाकी नियम डॉक्टर रोग्याप्रमाणे ठरवतील, पण रोग्याला माहीत असायला हव्यात अशा गोष्टी आहेत. हे मलम दोन ताकदींत येतं. ०.०३ टक्के दोन ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी, ०.१ टक्के त्यावरच्यांसाठी. दोन वर्षांखालच्या बाळाला आपल्या मनानं लावायचं नाही. दिवसातून दोनदा, पातळ थर, फक्त इसबाच्या जागी. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेलं मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरतं आणि मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. वरून पट्टी किंवा प्लास्टिक गुंडाळायचं नाही. ऊन टाळायचं, शेतात जायचंच असेल तर रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. मलम चालू असताना दारू घेतली तर काहींचा चेहरा लालबुंद होतो, हेही आधी सांगितलेलं बरं. त्वचा साफ झाली की रोजचं लावणं थांबतं. वारंवार उलटणाऱ्या इसबात आठवड्यातून दोन दिवस त्याच जागी लावून तो उलटणं रोखण्याची पद्धत आहे, पण ती डॉक्टरांनीच ठरवायची. सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर निदान पुन्हा तपासायला हवं. पाण्यानं भरलेले फोड, पिवळी खपली, पू, ताप यांतलं काही दिसलं तर मलम थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. इसबाच्या कातडीवर नागिणीच्या जातीचा विषाणू पसरला तर ते धोक्याचं असतं.

इथे एक इशारा मला मुद्दाम द्यायचा आहे. 'स्टेरॉईड-मुक्त' हे शब्द आता स्वतःच विक्रीचा मंत्र होऊ पाहत आहेत. लोकांना स्टेरॉईडची धास्ती बसली की त्याच काउंटरवरून, तितक्याच बेफिकिरीनं, टॅक्रोलिमसही चिठ्ठीशिवाय जाऊ लागेल. नायट्यावर टॅक्रोलिमस लावलं तर तेही प्रतिकार दडपतं आणि बुरशीला रान मोकळं करतं. खरजेवर लावलं तर घरभर खरूज पसरेपर्यंत वेळ वाया जातो. निदानाशिवाय लावलेलं चांगलं औषध वाईट औषधाच्या वाटेनंच जातं. म्हणून मी ट्यूब बदलण्याची मागणी करत नाही. ट्यूब हाती पडण्याआधी कुणीतरी जाणत्यानं कातडी पाहावी आणि ट्यूब हाती पडल्यावर कुणीतरी चार शब्द बोलावेत, अशी माझी मागणी आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो, आणि तो बहुधा डॉक्टरांकडूनच येतो. सांगलीच्या सिव्हिलमध्ये किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असते. एका रोग्याला पाच मिनिटं द्यायची कुठून? शिवाय आष्ट्याहून जाणाऱ्याची दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, आणि टॅक्रोलिमसची ट्यूब स्टेरॉईडपेक्षा कितीतरी महाग असते. चिठ्ठीची सक्ती कडक केली तर गरिबाला आज मिळणारा आरामही बंद होईल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. दुकानदाराला चोर ठरवून प्रश्न सुटणार नाही. गावात कातडी पाहणारा दुसरा कुणी नाही म्हणूनच लोक त्याच्याकडे जातात. पण मिनिटं फक्त तज्ज्ञ डॉक्टरांचीच असावीत असं कुठे आहे? निदान एकदा डॉक्टरांनी करावं. कसं लावायचं, किती, आग होईल, ऊन टाळा, हे परिचारिका सांगू शकते, औषधनिर्माता सांगू शकतो, आशाताई गृहभेटीत विचारू शकतात. औषधनिर्माणशास्त्राची पदवी-पदविका घेऊन दुकानात उभ्या असलेल्या तरुणांना आपण फक्त फळीवरून खोकं काढायला लावतो, हा त्यांच्या शिक्षणाचा अपमान आहे. ई-संजीवनीसारख्या सरकारी सेवेतून दूरच्या डॉक्टरांना कातडी दाखवण्याची सोय झाली आहे, आणि त्वचारोगात डोळ्यांनी पाहण्यालाच सर्वांत जास्त महत्त्व असल्यामुळे ती इथे खरोखर कामाची आहे. आणि किमतीचं म्हणाल तर स्वस्त ट्यूब दर महिन्याला, वर्षानुवर्षं घेण्याचा हिशेब कुणी मांडत नाही. तरीही गरिबाला आजची किंमत आजच मोजावी लागते, हे खरं. सरकारी दवाखान्यांच्या औषधसाठ्यात टॅक्रोलिमस नियमित असायला हवं, अशी मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे करायला आपण का लाजतो? रस्त्याच्या खड्ड्याची तक्रार करतो तशी याचीही करायला हवी.

मलम कितीही चांगलं असलं तरी त्याच्या भोवतीची निगा नसेल तर ते एकटं पुरत नाही. फुटका पाट न बुजवता पंप चालवत राहिलं तर पाणी उसापर्यंत पोचत नाही, तसंच हे आहे. कोरड्या, भेगाळलेल्या कातडीला दिवसातून दोनदा साधं व्हॅसलीन किंवा खोबरेल लावणं हा इसबाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपचार. कढत पाण्याची आंघोळ, अंग घासायचा दगड, खरखरीत साबण हे इसबाच्या कातडीला नकोत. पोराच्या अंगाला डाळीचं पीठ लावून घासण्याची रीत इसब असलेल्या पोराला तरी बंद करावी. भांडी-धुण्याला रबरी हातमोजे आणि आत सुती मोजे.

हळदीबद्दल या भागात लिहिताना मला संकोच वाटतो, तरी लिहायला हवं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत दिलं गेलेलं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेनं १९९७ साली रद्द करून घेतलं, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला अभिमान वाटला, आणि तो रास्त होता. पण जखम आणि इसब या दोन वेगळ्या अवस्था आहेत. चिरलेल्या, खाजऱ्या कातडीवर हळदीचा लेप आणखी आग करतो, आणि काही जणांना हळदीचीच ॲलर्जी असते. हळदीचा मान राखायला ती इसबावर थापायची गरज नाही.

आणि गाजर गवत. ज्याला या गवताची ॲलर्जी आहे त्याचा इसब कोणत्याही मलमानं कायमचा जाणार नाही, जोवर ते बांधावर उभं आहे. तीव्र दुखण्यात तर पोटातून औषधं द्यावी लागतात. दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजर गवत जागृती सप्ताह असतो, जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकारानं. त्या आठवड्यात शाळेची मुलं गवत उपटतानाचे फोटो छापून येतात. बऱ्याच फोटोंत मुलांचे हात उघडे असतात. हे थांबवा. गवत फुलावर येण्याआधी, हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं बांधून काढायचं. ज्याला इसब आहे त्यानं त्या कामाला जायचंच नाही, घरातल्या दुसऱ्या माणसानं जायचं. पुण्याच्या उकिरड्यावर हे गवत दिसल्याला सत्तर वर्षं होत आली. त्याच्या निर्मूलनाचं काम मुलांवर सोडून नगरपरिषद आणि ग्रामपंचायती मोकळ्या होतात, याचा मला राग येतो.

वाचकांपैकी कुणाच्या घरात इसब असेल तर आज घरातल्या ट्यूबा काढून त्यांवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एखादं नाव दिसलं आणि ती ट्यूब चेहऱ्यावर, पापण्यांवर किंवा जांघेत महिन्याहून जास्त लावली जात असेल, तर घाबरून एका दिवसात बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा; एकदम थांबवल्यानं कातडी उसळून येते. टॅक्रोलिमसची ट्यूब जळजळीमुळे टाकून दिलेली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, लपवू नका. त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा, अर्धवट संपलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून बरोबर न्या. आणि नवी चिठ्ठी हातात पडली की उठण्याआधी विचारा: हे लावल्यावर काय वाटेल, किती दिवस लावायचं, आणि परत कधी दाखवायला येऊ?